परतीचे तिकीट

आमच्या लोणी काळभोरला दिवाळी आधी रस्त्यावर येते आणि मग घरात. पुण्याहून सोलापूरला जाणारा हमरस्ता गावाला चाटूनच जातो. वसुबारस आली की त्या रस्त्यावर वाहनांची जी रांग लागते ती लक्ष्मीपूजनाच्या दुपारपर्यंत काही तुटत नाही. टपावर बांधलेल्या बॅगा, खिडकीतून डोकावणारी पोरे, मागच्या काचेशी ठेवलेला आकाशकंदील. कुणी इंदापूरचा, कुणी टेंभुर्णीचा, कुणी थेट सोलापूरचा. पुण्यात वर्षभर राबलेली माणसे घरी निघालेली असतात. माणूस कितीही लांब गेला तरी दिवाळीला परत येतो, हा आपला साधा हिशेब. खरे म्हणजे परतीचे तिकीट खिशात आहे या भरवशावरच तो लांब गेलेला असतो.

याच रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर गेले की सोलापूर लागते. तिथल्या एका मुलाची गोष्ट दर दिवाळीला माझ्या मनात येते, कारण त्याचा हिशेब असा जुळला नाही. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्याचे नाव. जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. व्ही. शांतारामांनी 1946 साली त्याच्यावर चित्रपट काढला. आमच्या पिढीने तो दूरदर्शनवर पाहिला. चित्रपट पाहिला की माणूस कळला असे आपल्याला वाटते. पण पुतळ्याला घर नसते, माणसाला असते, आणि माझे सगळे लक्ष त्या घराकडे असते.

द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू होता. आणखी दोन-चार वर्षांत नावापुढे मोठी पदवी, दारावर पाटी, मग लग्न. मध्यमवर्गीय घरातल्या हुशार मुलाचा रस्ता जसा आखलेला असतो तसाच हाही होता.

तिकडे जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण सुरू केले. चिनी सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, लोकांकडून सुमारे 22 हजार रुपये जमले, आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे अटल हे प्रमुख, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांत दोघे आपल्या मुलखातले. सप्टेंबर 1938 च्या आरंभी मुंबईच्या बंदरातून त्यांची बोट सुटली. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही झाला नव्हता.

आपण ज्याला युद्ध म्हणतो ते बहुतेक वेळा शिपायाच्या नजरेतून सांगितलेले असते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले. गावाला मिलिटरी अपशिंगे असे नावच पडले. त्या गावच्या आईला पोरगा कुठे चालला आहे हे ठाऊक असते. ते दुःख कमी नसते, पण अनपेक्षितही नसते. डॉक्टराचे तसे नाही. तो लढायला निघालेला नसतो. औषधांच्या पेट्या घेऊन निघतो, काम आटोपून परतायचे म्हणून निघतो. लढाई त्याला वाटेत गाठते आणि मग हळूहळू, त्याच्या नकळत, त्याला आपल्यात ओढून घेते.

पथक कँटनला उतरले, तिथून हँकौला गेले. पण ऑक्टोबर 1938 मध्ये ही दोन्ही शहरे काही दिवसांच्या अंतराने जपान्यांच्या हाती पडली. माणसे, कचेऱ्या, कारखाने, इस्पितळे, सगळे पश्चिमेकडे सरकत होते, आणि त्या लोंढ्याबरोबर आपले हे पाच डॉक्टरही यांगत्से नदीच्या वाटेने ईचांगला आणि पुढे चुंगकिंगला पोचले. जिथे उतरायचे तेच गाव मागे सोडायचे, असा हा प्रवास.

चुंगकिंगला असतानाच द्वारकानाथला घरची बातमी कळली. वडील गेले होते.

इथे मी दर वेळी थांबतो. कर्ता मुलगा परमुलखात, घरात आई आणि भावंडे. अशा वेळी परत ये म्हणणाऱ्यात काही चूक नाही, आणि परत जाणाऱ्याला कुणी भ्याड म्हटले नसते. सोबत्यांनीही त्याला जाण्याचे सुचवले. तो गेला नाही. पुढच्या फेब्रुवारीत तो येनानला पोचला आणि आठव्या मार्ग सेनेच्या इस्पितळात कामाला लागला.

चोळकर आणि मुखर्जी लवकर परतले, 1940 मध्ये अटल परतले. प्रत्येकाची कारणे खरी होती. प्रकृती काही कुणाच्या हातातली गोष्ट नसते. कोटणीस मात्र आघाडीकडे, वूताई पर्वताच्या बाजूला सरकत गेला. त्याच भागात नॉर्मन बेथ्यून नावाचा कॅनडाचा शल्यविशारद काम करीत होता. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळली आणि नोव्हेंबर 1939 मध्ये तो वारला. त्याच्या नावाने चालणाऱ्या इस्पितळाचा प्रमुख म्हणून जानेवारी 1941 मध्ये कोटणीसची नेमणूक झाली.

इस्पितळ म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. हे इस्पितळ खेड्यांतल्या घरांत भरे. शत्रू जवळ आल्याची वर्दी आली की जखमी उचलायचे, हत्यारे आणि औषधे खेचरांवर लादायची आणि डोंगरातल्या दुसऱ्या खेड्यात संसार मांडायचा. 1940 च्या मोठ्या मोहिमेत तर तीन-तीन दिवस झोपेवाचून त्याने शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात.

मला शिक्षक म्हणून अधिक भावते ती दुसरीच गोष्ट. तो चिनी भाषा शिकला, आणि दुभाष्याकडून निभावण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत वर्ग घेण्याइतकी. सैन्याच्या वैद्यक विद्यालयात खेड्यापाड्यांतली मुले येत, त्यांना तो शल्यशास्त्र शिकवी. त्यांच्यासाठी त्याने एक पुस्तक लिहिले. दुसरे लिहीत असताना ते अपुरे राहिले. ज्याला उद्या परत जायचे आहे तो परक्या भाषेत पाठ्यपुस्तक लिहायला बसत नाही. माझ्या मते परतीचे तिकीट त्याने तिथेच फाडले. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी 'हुआ' म्हणजे चीन हे अक्षर जोडलेले होते. कोटणीसचे नाव झाले 'के दीहुआ'. 1941 च्या अखेरीस त्याने कुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्याच वर्षी 9 डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी तो गेला. वय 32. मूल साडेतीन महिन्यांचे.

ही गोष्ट गेल्या वर्षी आमच्या घरात एकाएकी पुस्तकातून बाहेर आली. माझी मुलगी बारावीला होती. एका संध्याकाळी म्हणाली, "अण्णा, मला सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायचंय." ते महाविद्यालय 1948 पासून वानवडीला आहे, हडपसर ओलांडले की आलेच. फी माझ्यासारख्या मास्तराला पेलणारी. शिकून झाल्यावर मात्र सैन्यात नोकरी करावी लागते.

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, वानवडी जवळ आहे हो. पण वानवडीच्या पुढं कुठं, ते विचारा की तिला."

मुलगी म्हणाली, "पाठवतील तिथं."

माझी आई कोपऱ्यात जपमाळ ओढीत बसली होती. शाळेत मी सांगतो त्या साऱ्या गोष्टी तिने माझ्याकडून केव्हा ना केव्हा ऐकलेल्या. ती म्हणाली, "तो तुझा सोलापूरचा डॉक्टर... त्याची पत्रं यायची का रे घरी?"

"यायची," मी म्हणालो.

"मग पोरी, तू पत्र घाल. त्या फोनवर दोन शब्द बोलून ठेवून देतेस तसं नको. पत्र पुन्हा वाचता येतं."

एवढ्यावर आईने परवानगी देऊन टाकली होती. बायको काही बोलली नाही. दुसरी भाकरी तव्यावर टाकली. मी मात्र पुष्कळ रात्री जागा होतो. वर्गात त्यागाचे धडे शिकवणे सोपे असते, कारण त्यात दुसऱ्याचे पोर जाते. कोटणीसला 'अमर' म्हणताना आपण त्याच्या आईच्या वाटणीचे उरलेले आयुष्य जमेत धरत नाही. तिचा मुलगा तिथल्या शेकडो आयांच्या मुलांना परत मिळवून देत होता, आणि तिला तो मिळाला नाही. हा हिशेब कुठल्याही देशाला चुकता करता येत नाही.

आणि देश तरी किती चंचल! द्वारकानाथला जाऊन वीस वर्षे होतात न होतात तोच, 1962 मध्ये, ज्या दोन देशांची नावे त्याने मुलाच्या नावात गुंफली त्याच देशांत युद्ध पेटले. तो मुलगाही पुढे डॉक्टरकी शिकत असताना, 1967 मध्ये, ऐन तारुण्यात वारला. मग त्या माणसाने केले ते वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. त्याने कुठल्या दोन राज्यांचा तह घडवला नव्हता. तुटलेले हातपाय जोडले होते. तह मोडतात. जोडलेला हात आयुष्यभर नांगर धरतो, लेकराला उचलतो. शिच्याचुआंग शहरात त्याची समाधी आहे आणि तिथे लोक अजून फुले वाहतात. दोन्ही सरकारांचे पटो न पटो. सोलापुरात भैय्या चौकातल्या त्याच्या घराचे स्मारक झाले आहे.

मुलीच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. मी केली. निवड झाली. यंदा ती दिवाळीला घरी येईल, पुढल्या वर्षीही येईल. त्यानंतरच्या दिवाळ्या कुणी मोजून दिलेल्या नाहीत. पहिले पत्र गणपतीत आले, आईच्या नावाने. आईला अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवले. तिने ते पुन्हा वाचायला लावले, मग घडी घालून पोथीत ठेवले. बायको आत्ता अनारशांचे पीठ मळते आहे आणि मला ओरडून सांगते आहे की लिहिणे पुरे, माळ्यावरचा डबा काढून द्या, मोठा काढा, पोरीबरोबर तिच्या मैत्रिणींनाही द्यायचे आहेत. ज्यांना सुट्टी मिळालेली नाही अशा पाच-सहाजणी आहेत म्हणे.