दत्तक गावची मुलगी

आमच्या घरात 'परदेश' या शब्दाचा अर्थ फार दिवस मुंबई असाच होता. आजोबा परळच्या एका गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात जगाचे दोनच भाग उरले: 'तिकडे' आणि 'इकडे'. अशा घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे समाजशास्त्राच्या तासाला 'आंतरराष्ट्रीय विकास' आणि 'संस्कृतींची देवाणघेवाण' हे विषय निघाले, परदेशी विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांना दूर देशच्या खेड्यांत राहायला पाठवतात असे बाईंनी सांगितले, तेव्हा वर्गातील बहुतेकांना वाटले, आपल्याला असे कधी जायला मिळेल? माझ्या मनात मात्र उलटा प्रश्न आला. ज्या खेड्यात हे विद्यार्थी जातात, त्या खेड्याला काय मिळते? हा प्रश्न मलाच का पडावा, याचे कारण पुढे येईलच.

उत्तर शोधायला सातासमुद्रापार जावे लागले नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाचा एक अभ्यासक्रम पुण्यात चाले. तिकडची मुले-मुली यायची, पुणेकर कुटुंबांत राहायची, मराठी शिकायची. या अभ्यासक्रमाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या एलिनॉर झेलियट मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात इतिहास शिकवत. डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. १९६९ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठाने त्यावर त्यांना डॉक्टरेट दिली. याच कार्लटनच्या विद्यार्थिनी गेल ऑम्वेट १९६३ साली प्रथम भारतात आल्या. पुढे त्यांनी महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळ यांवर प्रबंध लिहिला, सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या सूनबाई झाल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ साली कासेगावातच त्यांनी देह ठेवला. तिसऱ्या मॅक्सीन बर्नसन. त्या फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या. कोणत्या आळीत कोण कसे मराठी बोलते हे टिपता टिपता, कोणाची मुले शाळेत टिकत नाहीत हेही त्यांना दिसले. प्रबंध पुरा झाला तरी त्या परत गेल्या नाहीत. त्यांनी मुलांना वाचायला शिकवले आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मुळात शिकायला आलेली बाई शिकवण्यासाठी थांबली.

या तिघींच्या कामात मला दोन गोष्टी सारख्या दिसतात. त्यांनी आधी भाषा शिकून घेतली आणि घाई केली नाही. जिच्याशी बोलायचे तिचीच बोली आपण शिकलो, की प्रश्न विचारण्याची मक्तेदारी आपल्याकडे राहत नाही. समोरची बाईही आपल्याला विचारू लागते.

आता प्रवासाची दुसरी दिशा पाहू. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी केवळ तिकडचे अर्थशास्त्र शिकून घेतले असे नाही. १९१६ च्या मे महिन्यात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातील जातींवर. आपल्याच घराची रचना नीट दिसावी म्हणून माणसाला कधी कधी अंगणाबाहेर उभे राहावे लागते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. मात्र परदेशी विद्येने घर आपोआप बदलत नाही. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

हे वाचल्यावर आणखी एक गोष्ट मनाला लागते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे १९१६ साली ज्या विषयावर तो निबंध वाचला गेला, नेमका तोच विषय! अमेरिकन विद्यार्थिनीने आमच्या वस्तीचा अभ्यास करावा याचे मला कौतुकच आहे. पण त्या वस्तीतील मुलीला परदेशात बसून तोच अभ्यास करायचा असेल तर? मग देवाणघेवाण म्हणतात ती कुठली? एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने पाहून घ्यायचे, एवढेच उरते.

इव्हान इलिच नावाचे एक विचारवंत मेक्सिकोत राहत. १९६८ साली त्यांनी तिथे सुटीत सेवेसाठी येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण केले आणि त्यांना चांगलेच फटकारले. शिकायला, पाहायला अवश्य या, पण आमचे भले करायला येऊ नका, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. ज्याची भाषा तुम्हाला कळत नाही, तो तुम्हाला 'नको' म्हणाला तरी तुम्हाला ते कसे कळणार? बाईंनी हे सांगितले तेव्हा वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण मला आमचे गाव आठवले.

मी सहावीत असताना एका महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आमच्या गावी सात दिवस आले होते. आमचे गाव त्यांनी 'दत्तक' घेतले होते. ही बातमी आम्हाला देवळाजवळ लावलेल्या कापडी फलकावरून कळली. मुले चांगली होती. ओढ्यावर वाळूच्या पोत्यांचा बंधारा घातला, रात्री नाटुकली केली, आम्हा पोरींना गाणी शिकवली. एके दिवशी सर्वेक्षणाचे तक्ते घेऊन दोघे आमच्या दारात आले. शौचालय आहे का, उत्पन्न किती, व्यसन कोणाला, असे एकेक विचारत गेले. आजी जोंधळे निवडत उत्तरे देत होती. मध्येच म्हणाली, "समदं आमचंच इचारतुयास बाळा. तुझा बा काय करतो, त्ये सांग की." तो मुलगा हसला आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला. त्याच्या तक्त्यात आजीच्या प्रश्नाला जागा नव्हती.

सात दिवसांनी गाडी भरून मुले गेली. बंधाऱ्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी राहिले. पण त्या तक्त्यांचे काय झाले, आमच्याबद्दल त्यांना काय समजले, हे सांगायला कोणी परत आले नाही. रागावण्यासारखे काही घडले नव्हते. तरी दत्तक घेतलेल्या लेकराला निदान आपले नवे आडनाव तरी ठाऊक असावे, असे वाटते.

आता मी स्वतः त्याच योजनेची स्वयंसेविका आहे आणि यंदाच्या हिवाळ्यात आमचे शिबिर दुसऱ्या एका गावी जाणार आहे. खराटा आणि तक्ता माझ्याही हातात येणार. मित्रहो, मिनेसोटाहून पुण्याला येणे आणि आपल्या महाविद्यालयातून तीस किलोमीटरवरच्या वाडीत जाणे यांत अंतराचा फरक आहे, जातीचा नाही. एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याचाच तो प्रकार आहे. तेव्हा परदेशी अभ्यासक्रमांना लावायची कसोटी आपण आधी आपल्याला लावावी. भाषा येते का? परत जाणार का? जे समजले ते ज्यांचे आहे त्यांना सांगणार का?

म्हणून मी कार्यक्रम अधिकारी सरांना दोन गोष्टी सुचवल्या. सर्वेक्षणाचे निष्कर्ष त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत, आणि तक्त्यात एक रकाना वाढवावा: 'घरच्यांनी आम्हाला विचारलेला प्रश्न व आम्ही दिलेले उत्तर'. दुसरी सूचना सरांनी लगेच मान्य केली. ग्रामसभेसाठी सरपंचांना पत्र लिहायला त्यांनी मलाच सांगितले आहे. पत्राचा मसुदा तयार आहे. ग्रामसभेची तारीख कळली की कोणकोण येणार, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचे आहे. त्या दिवशी ना हजेरी लागेल, ना प्रमाणपत्र मिळेल.