सणांवाचूनचे सहा महिने

ख्रिस्ती मंडळीचे वर्ष आणि महाराष्ट्रातील शाळेचे वर्ष यांची गाठ फारशी कोठे पडत नाही, आणि ज्या घरांना ही दोन्ही वर्षे एकदम जगावी लागतात त्या घरांतील मुलांच्या श्रद्धेचा विचार करताना ही साधी गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. मंडळीचे वर्ष, म्हणजे उपासनेचे सण आणि काळ ठरवणारे पंचांग, नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळाने सुरू होते. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. नाताळ, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा रविवार आणि तेथून पन्नासाव्या दिवशी येणारा, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा पेन्टेकॉस्ट, असे सारे मोठे सण पुढच्या सहा-साडेसहा महिन्यांत होऊन जातात. पेन्टेकॉस्ट कितीही उशिरा आला तरी १३ जूनच्या पुढे जात नाही, आणि मराठवाड्यातील शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात. मुलाच्या पाठीवर नवे दप्तर चढते तेव्हा त्याच्या पंचांगातले सगळे मोठे दिवस सरलेले असतात, आणि पुढचा मोठा दिवस दिसायला डिसेंबर उजाडावा लागतो. कॅथलिक घरांत ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा सण असतो, तरी एकंदर चित्र त्याने बदलत नाही.

हदगावसारख्या तालुक्याच्या गावी हे सहा महिने अधिकच लांब वाटतात. नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात, पैनगंगेच्या अलीकडच्या कापूस-सोयाबीनच्या मुलखात, ख्रिस्ती घर बहुधा एकटेदुकटे असते, आणि त्याच काळात भोवतालचे पंचांग मात्र भरभरून वाहत असते. श्रावण लागतो, पोळ्याला बैल सजतात, शाळेत गणपती बसतो, नवरात्रात त्याच जिल्ह्यातील माहूरच्या रेणुकेकडे पायी निघालेली माणसे दिसतात, आणि पाठोपाठ दिवाळीची लांब सुट्टी येते. वर्गातल्या प्रत्येक मुलाजवळ सांगण्यासारखे काहीतरी असते. ख्रिस्ती मुलाने या दिवसांत स्वतःचे म्हणून काय सांगायचे, हा प्रश्न लहान वाटतो, पण सहा-सात वर्षांच्या वयात तो मोठा असतो.

मराठी ख्रिस्ती जीवनाची जुनी केंद्रे येथून दूर आहेत. अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याच मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. या भागात चर्च मिशनरी सोसायटीने औरंगाबादेत आणि रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीत काम केले. पण ज्या गावाला मिशनची शाळा, वसतिगृह वा छापखाना यांपैकी काहीच लाभले नाही तेथे श्रद्धेचा सारा भार घरावर येतो. शाळा तो उचलू शकत नाही, आणि तिने उचलू नये हेच योग्य आहे, कारण संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. तीच मनाई अल्पसंख्य मुलाचे रक्षणही करते. राहता राहते ते घर. ल्यूथरने १५२९ मध्ये आपली लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वे प्रश्न आणि उत्तर या रूपात सांगणारी पुस्तिका, घरच्या कर्त्या माणसाने मुलामाणसांना शिकवावी म्हणून लिहिली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातील मंडळी मानले. या दोन परंपरा अनेक बाबतींत परस्परांपासून दूर असूनही येथे एकमताने बोलतात.

घरातील ही मंडळी दिवसातून एकदाच भरते, आणि ती बहुधा संध्याकाळी. चुलीवरची वा गॅसवरची शेवटची भाकरी उतरलेली असते, शाळेच्या वह्या चटईवर उघड्याच पडलेल्या असतात, आणि काळ्या कव्हराचे पवित्र शास्त्र फडताळातून खाली येते. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या हाताने लिहिलेल्या तारखा असतात: कोणाचा जन्म, कोणाचा बाप्तिस्मा, कोणाचे लग्न, कोणाचे प्रभूमध्ये निजणे. अक्षरओळख झालेले मूल शास्त्रवचनाआधी हेच पान वाचते, त्यावर स्वतःचे नाव शोधते आणि सापडल्यावर पुन्हा एकदा मोठ्याने वाचते. वडील पाच-सहा ओळी वाचतात, आई प्रार्थना करते, सुवर्णवचन म्हणजे त्या आठवड्यात पाठ करायचे वचन एकेकाकडून म्हणवून घेतले जाते, आणि मग ताटे वाढली जातात. यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, लागू नयेही. मुलाच्या पेंगुळलेल्या डोळ्यांवर लादलेली तासाभराची उपासना त्याला देवापासून दूर नेते, हे ज्या घरांनी अनुभवले आहे ती घरे पुढे शहाणी होतात.

या प्रार्थनेतील एक गोष्ट खास मराठी आहे. जन्मदात्या वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणारे मूल स्वर्गातील पित्याला ‘तू’ म्हणते, आणि यात त्याला काही विशेष वाटत नाही, कारण शेजारच्या घरातील विठोबालाही ‘तू’च म्हणतात. धर्मशास्त्रातील ‘सान्निध्य’ हा अवघड शब्द, म्हणजे देव दूर नसून जवळ आहे ही जाणीव, मुलाच्या जिभेवर व्याकरणाच्या वाटेने आधीच पोचलेला असतो.

अडचण येते ती प्रसादाच्या वेळी. शाळेतल्या गणपतीचा मोदक हातावर ठेवला जातो, जवळच्या तामशाच्या बारालिंग मंदिरातील संक्रांतीनंतरच्या भाजी-भाकरीच्या पंगतीला सोबती बोलावतात, आणि मूल घरी येऊन विचारते की खावे की नाही. हा प्रश्न नवा नाही. करिंथ येथील पहिल्या शतकातील मंडळीला मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाविषयी हाच प्रश्न पडला होता आणि पौलाने तिला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत त्याची सविस्तर चर्चा केली. त्याचे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही, त्यात मोकळीकही आहे आणि दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागू नये याची काळजीही आहे. आजही काही घरे घेतात, काही घेत नाहीत. घेतले वा न घेतले तरी शेजाऱ्याविषयी तुच्छतेचा एकही शब्द मुलाच्या कानी पडू नये, हे मात्र दोन्ही घरांनी सारख्याच कसोशीने पाळायला हवे. दिवाळीत शेजारून फराळाचे ताट येते. मराठी रीतीप्रमाणे ते रिकामे परत जात नाही, आणि नाताळात त्याच ताटातून करंज्या आणि चकल्या जातात. ते ताट पोचवण्याचे काम मुलाकडेच द्यावे. आपल्या घरचा सण कोणता, हे त्याला त्या दारात उभे राहून सांगावे लागते, आणि तेथे ते आपोआप सांगितले जाते.

पाठ्यपुस्तकही मदतीला येते. शिकाऱ्याचा बाण लागलेल्या पक्षिणीची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या शिकल्या, आणि ती लिहिणारे नारायण वामन टिळक हेच ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील अनेक भजनांचे कर्ते आहेत, ही गोष्ट घरी कोणी सांगितली नाही तर शाळेत क्वचितच कळते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पतीच्या पाठोपाठ तो घेतला नाही, काही वर्षांनी, स्वतःचे मन वळल्यावर घेतला, आणि ‘स्मृतिचित्रे’त हा प्रवास त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला. याच घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. मुलांवर श्रद्धा कशी बिंबवावी याविषयीच्या पुष्कळ उपदेशापेक्षा हे एक घर अधिक शिकवते: तेथे देवाचे नाव दिवसभर होते, आणि सक्ती नव्हती.

आता नवी अडचण भाषेची आहे. तालुक्याच्या गावीही मूल इंग्रजी शाळेत जाते, आणि पाचवी-सहावीत आले तरी देवनागरीतील शास्त्र त्याला अडखळत वाचावे लागते. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, कारण अल्पशिक्षित बायकांना कळेल असे सोपे शास्त्र त्यांना हवे होते. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या कष्टाने घरात आणलेली भाषा मोबाइलवरील इंग्रजी पाठासाठी सोडून देणे हे मोठे नुकसान आहे. ज्या भाषेत आजी रडते त्या भाषेत मुलाला प्रार्थना करता आली नाही, तर आजीच्या प्रार्थना तिच्याबरोबरच संपतात.

दुसऱ्या सत्रात सण येतात, पण परीक्षाही येतात. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरते. उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चपासून पुढे पसरतो आणि दहावीची परीक्षा त्यात हमखास सापडते. वधस्तंभाच्या चिंतनाचे दिवस गणिताच्या सरावात जातात, आणि ‘परीक्षा होऊ दे, मग पाहू’ हे वाक्य भाविक घरांतही ऐकू येते. मुलाला त्यातून नेमके काय कळते, याचा विचार व्हायला हवा. त्याच सुमारास शाळेच्या कागदावरचा ‘धर्म’ हा रकानाही समोर येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतात. ख्रिस्ती त्यात नाहीत, आणि म्हणून मराठवाड्यातील कित्येक गरीब घरांत ओठांवरचा धर्म आणि कागदावरचा धर्म वेगळा असतो. अशा घरांचा न्याय करणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. मात्र हा पेच चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापासून लपवू नये. तो त्याला घरच्या माणसाने, प्रार्थनेच्याच चटईवर, सरळ शब्दांत सांगावा.

दहावीनंतर मूल लातूरला वा नांदेडला शिकवणीसाठी जाते, आणि संध्याकाळची चटई त्याच्यावाचून अंथरली जाते. वसतिगृहाच्या खोलीत चौघांसमोर डोळे मिटायला धीर लागतो, आणि तो धीर नाताळच्या रोषणाईने दिलेला नसतो. जुलै-ऑगस्टच्या, कोणताही सण नसलेल्या, पावसाने वीज गेलेल्या संध्याकाळी, मेणबत्तीजवळ बसून म्हटलेल्या वचनांनी दिलेला असतो. म्हणून आईबापांना एवढीच विनंती आहे: येत्या जूनमध्ये ज्या दिवशी शाळा उघडेल, त्याच दिवशी संध्याकाळी पवित्र शास्त्र खाली काढावे, आणि त्यातील पहिल्या कोऱ्या पानावरची नावे मुलाला मोठ्याने वाचायला लावावीत.