पकडीचा जमाखर्च

माँट्रियलला नव्याने बिऱ्हाड थाटणारा आपल्याकडचा गृहस्थ पहिल्या हिवाळ्याच्या धास्तीने कर्ज काढतो आणि चारही चाकांना इंजिनाचे बळ पोचविणारी एखादी अवाढव्य गाडी दाराशी आणून उभी करतो. पुढच्या दोन चाकांनी ओढली जाणारी लहान गाडी व चार उत्तम हिवाळी टायर एवढ्या सरंजामावर येथील हिवाळा सुखाने निभावतो, हे माझ्यासारख्या जुन्या रहिवाशाचे म्हणणे तो अदबीने ऐकून घेतो आणि सोडून देतो. त्याला तरी काय बोल लावावा! चारही चाकांना बळ असले की गाडी जागची चटकन हलते, हे ज्याला त्याला दिसते. परंतु ब्रेक सर्वच गाड्यांच्या चारही चाकांना असतात, आणि थांबण्याच्या व वळण्याच्या कामी त्या महागड्या यंत्रणेचा फारसा उपयोग नसून तेथे केवळ रबराचा अंमल चालतो, हे समजावयास एखादा उतार आणि त्याच्या तळाशी तांबडा दिवा लागावा लागतो.

या लहान गाडीचे कूळ हलके नाही. सित्रोएनची पुढच्या चाकांनी चालणारी ‘त्राक्सियाँ आवाँ’ १९३४ साली रस्त्यावर आली, आणि योगायोग असा, की त्याच वर्षी फिनलंडातील नोकिया गावच्या रबर कारखान्याने मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर तयार केला. पुढे १९६२ व १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षे स्वीडनच्या एरिक कार्लसनने अवघ्या तीन सिलिंडरांच्या साब गाडीतून माँटे कार्लोची हिवाळी रॅली जिंकली, आणि १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कच्या मिनीने तोच पराक्रम केला. या दोन्ही गाड्या पुढच्या चाकांनीच ओढल्या जाणाऱ्या होत्या.

हिमातल्या या यशाचे कारण उघड आहे. इंजिन व गिअरपेटी ओढणाऱ्या चाकांवरच बसविलेली असल्याने गाडीच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढे पडतो आणि त्या भाराने टायर हिमात रुतून पकड घेतो. पण त्याच दोन चाकांना ओढावयाचे, वळवावयाचे आणि ब्रेकचा मोठा भारही सोसावयाचा असतो. आणि बर्फावरची पकड तर तुटपुंज्या पगाराच्या कारकुनाच्या महिन्यासारखी, एका बाबीवर खर्च झाली की दुसरीसाठी उरत नाही व उसनवारीची मुभा नाही. म्हणून वळणापूर्वी सरळ रस्त्यावरच वेग उतरवून घ्यावा, मग ब्रेक पुरता सोडून गाडी वळवावी, आणि ती सरळ होऊ लागल्यावरच अॅक्सिलरेटरवर हलके पाऊल ठेवावे: हा क्रम ज्याच्या पायांत मुरला, त्याला या विद्येतले बहुतेक सारे आले.

तरीही चाके घसरतात. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ लागली तर नवखा चालक ते आणखी फिरवितो, आणि तेथेच फसतो. वास्तविक अशा वेळी पाय उचलावा, स्टिअरिंग किंचित मागे घ्यावे आणि पकड परत येईपर्यंत धीर धरावा. मागची बाजू सरकू लागली तर मात्र नजर जावयाच्या दिशेला ठेवून चाके तिकडेच वळवावीत, ब्रेकला स्पर्श करू नये, आणि थोडेसे बळ देऊन पुढच्या चाकांकरवी गाडी सरळ ओढून घ्यावी. हे वाचून येत नाही. हिमवृष्टीनंतरच्या रविवारी एखाद्या मोकळ्या वाहनतळावर, मालकाच्या परवानगीने, गाडी मुद्दाम घसरवून ते अंगवळणी पाडावे लागते.

चढ हे या गाडीचे खरे वैगुण्य. येथील कोत-दे-नेजसारख्या चढावर वजन मागे सरकते आणि ओढणारी चाके हलकी होतात. म्हणून पुढच्या गाडीला चढ संपवू द्यावा आणि मग बेताचा वेग घेऊन मध्ये न थांबता वर जावे. अगदीच अडले, तर मोकळ्या गल्लीत गाडी उलटी फिरवून मागच्या गिअरात चढविण्याची जुनी युक्ती आहे. ती हास्यास्पद दिसते, पण वजन ओढणाऱ्या चाकांवर आल्यामुळे लागू पडते. थंडीचेही असेच उफराटे असते: उणे वीस अंशांतले कोरडे, करकरणारे हिम पुष्कळ पकड देते, आणि शून्याच्या आसपास पाण्याचा पापुद्रा सुटलेला बर्फ सर्वांत दगाबाज असतो.

आता टायर. तापमान सात अंशांच्या खाली गेले की साध्या टायराचे रबर ताठर होऊ लागते; हिवाळी टायराचे रबर मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवरील असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. क्वेबेक सरकारने १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत असे टायर सक्तीचे केले आहेत, हा हुकूम मला शहाणपणाचा वाटतो. विकत घेताना तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण अशी मुद्रा पाहावी. नुसत्या ‘एम’ आणि ‘एस’ या अक्षरांवर विसंबू नये. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, तेव्हा दुकानदाराच्या शब्दापेक्षा त्या दस्तऐवजावर भरवसा ठेवावा. रुंद टायराची हौस उन्हाळ्यात फेडावी. गाडीच्या पुस्तिकेत मुभा असेल तर २०५ मिलिमीटर रुंदीच्या सोळा इंची टायराऐवजी १९५ रुंदीचा पंधरा इंची घ्यावा. तो हिम कापून खाली पोचतो, स्वस्त पडतो, आणि वसंतातल्या खड्ड्यांचे धक्केही सोसतो. खोबणी चार मिलिमीटरांहून उथळ झाली की त्या टायराला हिमातून रजा द्यावी. थंडीने हवाही आकसते, दर पाच-सहा अंशांमागे सुमारे एक पौंड; उबदार गॅरेजमध्ये भरलेल्या हवेचा हिशेब बाहेर टिकत नाही.

काटकसर म्हणून पुढच्याच चाकांना हिवाळी टायर बसविण्याची तजवीज काहीजण सुचवितात. तिच्याइतकी घातक बचत दुसरी नसेल. पुढची चाके पकड धरतात, मागची धरत नाहीत, आणि वळणावर पाय उचलताच गाडीची शेपटी पुढे येते. टायर घ्यावेत तर चारही, आणि एकाच जातीचे.

नोव्हेंबर अर्धा उलटला की टायर बदलून देणाऱ्या दुकानांत तारीख मिळणे दुरापास्त होते. तेव्हा ज्यांना हे पटले असेल त्यांनी ती ऑक्टोबरातच मुक्रर करावी, आणि बदलल्यानंतर शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.