तारखेचा पूल

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९६६ साली लिस्बनमध्ये टॅगस नदीवर भलाथोरला झुलता पूल बांधला आणि त्याला सालाझारचंच नाव दिलं. २५ एप्रिल १९७४ला ती राजवट कोसळली. लिस्बनकरांनी पूल ठेवला, नाव तेवढं उतरवलं. आता तो ‘२५ एप्रिल पूल’. नुसती तारीख, आपल्या पणजीतल्या अठरा जून रस्त्यासारखी. रोज सकाळी हजारो माणसं त्या तारखेवरून कामाला जातात, अर्धवट झोपेत, ट्रॅफिकला शिव्या देत. स्मारकाच्या नशिबी याहून बरं काय यावं?

उंच, दगडी स्मारकांशी माझं फारसं जमत नाही. तिथल्या एदुआर्दो सातवा उद्यानातलं क्रांतीचं शिल्प पाहिलं आणि पुढे निघालो. रेंगाळलो तो कार्मो चौकात. जॅकरंडाची झाडं, कारंजं, कॉफीची टेबलं. सालाझारचा वारस कायतानु त्या दिवशी इथल्याच बराकीत दडून बसला होता आणि सालगैरो माया नावाचा २९ वर्षांचा कॅप्टन चिलखती गाड्या घेऊन दाराशी उभा होता. घरातच थांबा, असं रेडिओ विनवत होता. लोकांनी ते मुळीच ऐकलं नाही. ते झाडांवर चढले, गाड्यांवर चढले, सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशन खोवली गेली. सुरुवात सैन्याने केली हे खरं, पण तिची क्रांती केली ती या आज्ञा न पाळणाऱ्यांनी. संध्याकाळपर्यंत कायतानु शरण आला. ४८ वर्षांची हुकूमशाही संपली. मायाची आठवण तिथे जमिनीतच बसवली आहे. लोक खुशाल तिच्यावरून चालतात.

जवळच गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं. त्याच संध्याकाळी आतून जमावावर गोळ्या सुटल्या, चौघं गेले. रक्तहीन क्रांती म्हणणाऱ्यांनी तिथली पाटी वाचावी. त्या इमारतीत आता महागडे फ्लॅट आहेत. मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही.

गोव्याच्या मुक्तीसाठी लढताना या राजवटीचे तुरुंग आपल्याही माणसांनी भोगले. टी. बी. कुन्हांना पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात ठेवलं होतं. सांगलीचे मोहन रानडे १९५५मध्ये पकडले गेले. पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात डांबलं. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला, तरी रानडे आतच. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे १९६९च्या जानेवारीत ते बाहेर आले. पाच वर्षांनी, एप्रिल क्रांतीने काशियश आणि पेनिशचे राजकीय कैदी सोडले. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करारावर सही करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं.

पेनिशचा किल्ला २०२४पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. लिस्बनहून बस जाते. तिकडे गेलात तर एखादा राजवाडा गाळा, पण तिथे एक दिवस काढाच.