रात्रीची तालीम

इंग्रजी लिहिणे आणि इंग्रजी बोलणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि पहिलीत मुरलेला मनुष्य दुसरीत निरक्षर असू शकतो, हे सरकारी नोकरीत शिरल्यावाचून पुरते उमगत नाही. फाइलीवर टिप्पणी लिहिताना माझी लेखणी सहसा अडखळत नाही. ‘मे काइंडली सी’, ‘सबमिटेड फॉर ऑर्डर्स प्लीज’, ‘द अंडरसाइन्ड इज डिरेक्टेड टु से’ ही वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या इतक्या हातांतून गेली आहेत की नदीतल्या गोट्यांसारखी ती गुळगुळीत झाली आहेत. ती लिहिणाऱ्याला स्वतःचे असे काही म्हणायचे असावे लागत नाही. परंतु त्याच फाइलीविषयी साहेबांनी खोलीत बोलावून दोन प्रश्न तोंडी विचारले, म्हणजे मात्र ‘यस सर’ आणि ‘नो सर’ या दोन काठांमधले सारे पात्र कोरडे पडते.

आपल्यापैकी ज्यांच्या बदल्या दिल्ली, लखनौ, भोपाळकडे झाल्या, त्यांना या कोरडेपणाची झळ फारशी लागली नसेल. तिकडे हिंदीचे छत्र डोक्यावर असते. आपली हिंदी कितीही मराठी वळणाची असली तरी तेवढ्यावर वेळ निभावते. चेन्नईत ते छत्र नाही. राजभाषा नियम, १९७६ साऱ्या देशाला लागू आहेत, एकट्या तमिळनाडूला नाहीत, ही गोष्ट मी परीक्षेसाठी पाठ केली होती; तिचा अर्थ इथे रुजू झाल्यावर कळला. माझे तमिळ सहकारी बेधडक इंग्रजी बोलतात. ते सारेच शुद्ध बोलतात असे नव्हे. पण मागे लपायला आडोसा नसल्यामुळे त्यांना पुढे जाण्याची सवय झाली आहे. माझे तसे नव्हते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. आमच्या पिढीला ती भाषा जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला भेटली, तीही फळ्यावर. गुरुजी ती लिहीत, आम्ही ती उतरवून घेत असू, आणि उभयपक्षी तोंडे मिटलेली असत.

या मिटलेल्या तोंडाची तालीम करावी म्हणून गेली चार वर्षे मी रात्री दहाच्या सुमारास, घरातली निजानीज झाल्यावर, स्वयंपाकघरात जाऊन बसतो आणि संगणकावरील गप्पांच्या एका खोलीत शिरतो.

अशा खोल्यांचा इतिहास तसा जुना आहे. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी नावाची व्यवस्था उभी केली, तेव्हापासून दूरदेशीची अनोळखी माणसे एका अदृश्य ओसरीवर बसून एकमेकांशी लेखी बोलू लागली. माझी स्वतःची ओळख झाली ती याहूच्या चॅटरूमशी. लातूरला महाविद्यालयात असताना सायबर कॅफेतल्या लाकडी खुराड्यात तासाला वीस रुपये मोजून आम्ही मित्र आळीपाळीने इंग्रजीचा सराव करीत असू. सराव कसला! समोरचा मनुष्य प्रथम तीन अक्षरे विचारी, ‘एएसएल’. म्हणजे वय, लिंग आणि ठिकाण. त्यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘पुरुष’ असे दिले की दहांपैकी नऊ संभाषणे तिथेच संपत. याहूने त्या खोल्या २०१२च्या अखेरीस बंद केल्या, त्याचे मला विशेष दुःख झाले नाही. तिथे बोटे थोडीफार इंग्रजी शिकली. जीभ होती तशीच राहिली. आताच्या खोल्यांत मात्र कानाला हेडफोन आणि तोंडापुढे माइक असतो. बोलावेच लागते.

आमच्या खोलीत एका वेळी दहाहून अधिक माणसे मावत नाहीत. खोली उघडणारा तो तिचा धनी, आणि आमचा धनी म्हणजे ब्राझीलमधला एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी. माझ्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे दुपारचा दीड होतो, व्हिएतनाममधल्या नर्सबाईंकडे साडेअकरा होऊन त्या जांभया देत असतात, आणि तुर्कस्तानातील मालात्या शहरी जरदाळूच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस असलेले गृहस्थ नुकते संध्याकाळचे जेवून आलेले असतात. इंग्रजीखेरीज अन्य भाषा कानावर पडली की दोनदा ताकीद आणि तिसऱ्यांदा हकालपट्टी, हा धन्याचा दंडक. तो स्वतः पोर्तुगीजमध्ये शिंकला तरी क्षमा मागतो.

‘आय अ‍ॅम अ सेंट्रल गव्हर्नमेंट सर्व्हंट’ असे पहिल्या दिवशी मी मोठ्या डौलाने सांगितले. ‘सर्व्हंट’ हा शब्द ऐकून खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग धन्याने अत्यंत हळुवार आवाजात विचारले, काम फार कष्टाचे आहे का, आणि दोन वेळचे जेवण तरी देतात ना? आमचे साहेब ‘आउट ऑफ स्टेशन’ आहेत असे दुसऱ्या एका रात्री मी म्हणालो, तर नर्सबाईंनी कोणत्या रेल्वे स्टेशनातून, असे विचारले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी ज्या भाषेत नोकरी करतो ती इंग्रजीही आपल्या इकडचीच एक देशी भाषा आहे, आणि ती मला उत्तम येते.

या तालमीने व्याकरण सुधारते का? माझे प्रामाणिक मत असे की मुळीच नाही. आठ देशांची आठ माणसे एकमेकांच्या चुकांना मान डोलावतात आणि त्या अधिक पक्क्या होतात. सुधारते ते निराळेच काहीतरी. त्या खोलीत माझा वार्षिक अहवाल कोणी लिहीत नाही. माझा हुद्दा, माझी पगाराची पातळी, मी कोणत्या माध्यमात शिकलो, यांतले काहीच तिथे कोणाला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचेही नाही. वाक्य अर्ध्यावर अडले तर समोरचा थांबतो, कारण थोड्या वेळाने त्याचेही अडणार असते. साहेबांपुढे माझी जीभ जी अडे ती इंग्रजीच्या भयाने, असे मी इतकी वर्षे समजत होतो. आता मला शंका येते की मराठीतूनसुद्धा साहेबांपुढे मी फार बोललो नसतो.

सारेच काही गोड नाही. कोणीतरी उपटसुंभ शिरतो, नर्सबाईंशी नको ते बोलतो, धनी त्याला हाकलतो, आणि बाई दोन रात्री येत नाहीत. विषयही तेच ते असतात. हवामान, जेवण, सुट्टी. माझ्या पत्नीचा आक्षेप वेगळ्या प्रकारचा आहे. “अहो, झोपेत बडबडता ते तरी मराठीत बडबडत जा,” असे ती म्हणते. मुलगी केंद्रीय विद्यालयात जाते. तिला इंग्रजी, हिंदी आणि खालच्या अंगणातली तमिळ या तिन्हींसाठी कसल्याही तालमीची जरूर पडली नाही. मराठी मात्र ती पाहुण्याशी बोलावे तशी जपून बोलते. या गोष्टीचा विचार मी दिवसा करतो. रात्री तो टाळतो.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी तुर्कस्तानच्या दक्षिण भागात मोठा भूकंप झाला, आणि त्याच दुपारी दुसरा. मालात्याचे नाव बातम्यांत दिसले. त्या रात्री खोलीत आम्ही पाचजण होतो; विषय ठरलेला होता, पण कोणी त्यावर बोलेना. हिशेबनीस आले नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांचे नाव खोलीच्या यादीत उमटले आणि नेहमीच्या खर्जात शब्द आले, ‘गुड इव्हनिंग फ्रेंड्स’. पाठोपाठ, सवयीने, ‘हाउ आर यू?’ हा प्रश्न इतक्या वेळा घोटला असूनही त्याला काय उत्तर द्यावे, हे कोणाला सुचेना.

त्यांनी सांगितले ते थोडक्यात. पत्नी आणि मुलगे वाचले, भाऊ गेला. राहता मजला खालच्या मजल्यावर बसला. मग मला म्हणाले, तुमच्याकडे भूकंप होतात का?

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला त्यात जवळजवळ दहा हजार माणसे गेली. मी पाच वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जनाहून परतायला उशीर झाला म्हणून वडील आणि आम्ही मुले अंगणातच आडवे झालो होतो. आजी आत होती. ही हकीकत मी कधी कोणाला सांगितलेली नाही. गावात ती सांगण्यात अर्थ नव्हता, कारण प्रत्येकाच्या घरी तीच होती. आणि गावाबाहेर ती कोणी विचारली नाही.

त्या रात्री ती मी इंग्रजीत सांगितली. ‘माळवद’ या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द मला सापडेना, म्हणून ते कसे घालतात तेच सांगत बसलो. दगड आणि चिखल यांच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर हातभर माती, आणि पाणी गळू नये म्हणून वर्षा-दोन वर्षांनी वर आणखी पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात त्याखाली इतके गार वाटते की माणूस बाहेर पडू नये. तो सारा भार, म्हटले, एका मिनिटात खाली आला. ‘आवर्स वॉज काँक्रीट,’ ते म्हणाले. नंतर आम्ही छपरांविषयीच बोलत राहिलो; कोणते कसे कोसळते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये नि लोखंडी कंटेनरमध्ये उन्हाळा कसा जातो. ही मराठीत सांगताना माझा आवाज टिकला असता असे वाटत नाही. इंग्रजीत प्रत्येक वाक्य विटेवर वीट ठेवावी तसे रचावे लागत होते. पुढचा शब्द शोधण्यात मन गुंतलेले होते.

तुर्की भाषेत आजारी किंवा संकटातून निघालेल्या माणसाला ‘गेच्मिश ओल्सुन’ म्हणतात. जे झाले ते भूतकाळात जमा होवो, अशा अर्थाने. ते त्यांनी मला तुर्कीतच म्हटले, एकोणतीस वर्षांच्या जुन्या दुःखाला. मीही उत्तरादाखल ‘इडा पिडा टळो’ म्हणालो. धन्याने ताकीद दिली नाही.

पुढच्या रात्री विषय होता ‘आवडता सण’. तो आटोपल्यावर हिशेबनिसांनी मला थांबवून घेतले. परदेशी गिऱ्हाइकाचा माल वेळेवर रवाना झाला नव्हता. खुलाशाचे पत्र इंग्रजीत हवे होते. ‘डॅमेज’ आणि ‘डॅमेजेस’ यांत फरक काय, हेही विचारले. हा प्रांत माझा. मी तिथल्या तिथे मसुदा टंकून पाठविला. संदर्भ, विषय, अनुक्रमांकित परिच्छेद, आणि शेवटी विलंबाबद्दल क्षमायाचना. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि विचारले, आमची गोदामे पडली, मग या पत्रात मी इतक्या विनवण्या का करतो आहे? त्यांचे म्हणणे रास्त होते. आम्ही दोघांनी मिळून त्यातले सहा ‘काइंडली’ काढले, एक ठेवला.