आकडा पाचवर आणि आईचे पाय गार

आमची धाकटी बहीण इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात परिचारिका आहे. तिच्या बाळंतपणासाठी आईला घेऊन आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये तिकडे गेलो. कारकुनाची नोकरी, महिनाभराची अर्जित रजा आणि तिकिटासाठी पतपेढीचे कर्ज. तिथे जे शिकलो ते सांगावेसे वाटते. कारण आज आपल्याही घरांतील मुलेमुली नोकरीशिक्षणासाठी थंड मुलखात जात आहेत आणि मागोमाग त्यांचे आईबापही.

तिकडे थंडीसाठी शेगडी पेटवत नाहीत. बहिणीच्या स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर आहे. तो पाणी तापवतो आणि पंप ते पाणी पाइपांतून घरभर फिरवतो. प्रत्येक खोलीत भिंतीला पोलादाचा चपटा रेडिएटर. पाणी त्यातून फिरून थंडावते आणि पुन्हा बॉयलरकडे जाते. रेडिएटरच्या एका टोकाला मोसंबीएवढी पांढरी मूठ असते. तिच्यावर १ ते ५ आकडे. हीच थर्मोस्टॅटिक झडप.

आम्ही तिला नळाची तोटी समजलो. पाच केले की खोली लवकर तापेल, असा आमचा हिशेब. दाजी म्हणाले, “दादा, तसं नाही. आकडा म्हणजे खोली किती गरम हवी ते. तीन म्हणजे साधारण २० अंश. पाच केलं तर खोली लवकर तापत नाही, उलट नको तेवढी तापते आणि गॅस जळतो.”

मुठीच्या आत एक बंद डबी असते. तिच्यात मेण किंवा द्रव असतो. खोलीतील हवा तापली की तो फुगतो, खालची पिन दाबतो आणि पाण्याची वाट बंद होते. हवा गार झाली की तो आकसतो, स्प्रिंग पिन वर उचलते आणि पाणी पुन्हा सुरू होते. ना वीज, ना माणूस! ही झडप डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली शोधली. त्यांच्याच कारखान्याचे नाव डॅनफॉस.

त्या वर्षी युक्रेनच्या युद्धाने ब्रिटनमध्ये गॅसचे दर भडकले होते. बहीण प्रसूतीच्या रजेवर, पगार कमी. त्यामुळे बाळाच्या खोलीत तीन, रिकाम्या खोलीत एक, असा काटकसरीचा संसार चालला होता. आईच्या खोलीचा आकडा मात्र दाजींनी स्वतःहून पाचवर ठेवला होता. माणूस मनाचा मोठा.

तरी आई म्हणे, “लई गार वाटतंय बाबा.” आम्ही मुठीकडे पाहायचो. आकडा पाच! मग म्हणायचो, “आई, सगळ्यात जास्त उष्णता तुझ्याच खोलीत आहे. वयामुळे तसं वाटतं.” दोन दिवस तिने सांगितले. तिसऱ्या दिवसापासून ती गप्प झाली. दोन स्वेटर घालून, शालीत पाय गुंडाळून बसू लागली. लेकीच्या घरी किती बोलायचे, हा आपल्या आयांचा जुना धडा.

एका रात्री तिला गोळी द्यायला गेलो. वाकलो तेव्हा हात रेडिएटरवर टेकला. थंडगार! खालचा पाइप मात्र चटका बसेल इतका गरम. म्हणजे पाणी दारापर्यंत येत होते, आत जात नव्हते. आईचे पाय पाहिले, तेही रेडिएटरसारखेच गार. आम्हाला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी कारागीर आला. त्याने मूठ फिरवून काढली. पाणी गळले नाही, कारण झडप खालीच राहते. आतली पिन दबून अडकलेली होती. उन्हाळाभर ही खोली रिकामी म्हणून मूठ बंदवर ठेवली होती. त्यामुळे पिन तशीच चिकटली. त्याने पिनेवर हळूच टकटक केले, थेंबभर तेल सोडले, वर-खाली हलवली. पाण्याची सळसळ ऐकू आली. आईने रेडिएटरला हात लावला आणि म्हणाली, “आता आली बघ ऊब.” दुसरा शब्द नाही.

कारागिराने सांगितलेल्या चार गोष्टी लिहून घेतल्या. उन्हाळ्यात मूठ पूर्ण उघडी ठेवावी आणि अधूनमधून फिरवावी. मुठीवर पडदा किंवा ओले कपडे टाकू नयेत. ऊब तिथेच कोंडते आणि खोली गार असताना झडप बंद होते. (आई लुगडे तिथेच वाळत घालायची!) ज्या खोलीत भिंतीवर मुख्य थर्मोस्टॅट आहे, तिथे ही झडप लावू नये, कारण दोघांची ओढाताण होते. आणि पिन पकडीने ओढू नये, पाणी बाहेर येऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असे सांगितले आहे. म्हातारे, तान्हे आणि आजारी यांना त्याहून जास्त लागते. तेव्हा काटकसर जरूर करा, पण त्यांच्या खोलीत नको.

परत आल्यावर कचेरीत खिडकीवर बसलो, तर एक म्हातारी रेशनकार्ड घेऊन आली. म्हणाली, नाव कापले गेले. आम्ही सवयीने रजिस्टर उघडले. नाव होते. “आहे की मावशी,” असे म्हणणार होतो, तोच आईचे गार पाय आठवले. उठलो आणि चौकशी केली. खरोखरच पुढे कुठेतरी अडकले होते.

आकडा पाच असू द्या. आधी हात लावून पाहा.