उजाडण्याची भीती

संध्याकाळ उदास असते, हे आपण कवितेतून शिकतो. ग्रेस यांच्या 1967 साली आलेल्या 'संध्याकाळच्या कविता' बाबांच्या कपाटात होत्या, पहिल्या पानावर त्यांची तिरपी सही. पण आमच्या घरातला काळोख संध्याकाळी येत नसे. तो पहाटे यायचा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर कोवळं ऊन उतरायचं, दूधवाल्याच्या किटलीचं झाकण वाजायचं, शेजारच्या अंगणात सडा पडायचा, तारेवरचा बाबांचा पांढरा सदरा उजळत जायचा, आणि तीन वाजल्यापासून टक्क जागे असलेले बाबा पांघरूण कानापर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून, त्या साऱ्या उजेडाकडे पाठ फिरवून पडलेले असायचे. उशाशी चहावर साय धरायची.

आई काही बोलायची नाही.

या आजारात सकाळ जड जाते, दिवस कलेल तसं थोडं हलकं वाटतं, गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नातेवाइकांकडे मात्र उपाय तयार असत: फिरायला जा, मन रमवा, आणि निघताना दाराशी, हळूच, 'यांना कमी काय आहे?' जणू आजार शिल्लक बघून घरात शिरतो!

आम्ही भावंडं बाबांना कानांनी ओळखू लागलो. नळ उगाच वाहत राहिला की समजायचं, दाढीचा ब्रश हातात धरून ते आरशासमोर नुसते उभे आहेत. चार वाजून गेले की मात्र घर सैलावत जायचं. खिडकीतलं ऊन तांबूस होत फरशीवरून कपाटावर चढायचं, बाबा उठून खुर्चीत बसायचे, देवापाशी दिवा लागायचा, कढीपत्त्याची फोडणी चरचरायची, आणि एखाद्या दिवशी पेपर उलगडल्याचा आवाज आला, तर गणिताच्या वहीवर पेन्सिल तशीच टेकवून आम्ही ऐकत राहायचो.

दिवेलागणीला जगाची हुरहूर सुरू व्हायची. आमची संपायची.

पावसाळा सरता सरता एका रात्री पहिला घास घेऊन ते म्हणाले, "आमटीत गूळ जास्त पडलाय."

कित्येक महिने पानात पडेल ते त्यांनी निमूट गिळलं होतं. आईचा डाव पातेल्यातच थांबला. मग ती फणकारली, "उद्या तुम्हीच करा!"

"करीन की. चिंच तरी बेताची घालीन."

"चिंच? आपल्याकडे आमसूल घालतात. इतकी वर्षं काय खाताय मग?"

भांडण ताटं उचलेपर्यंत रंगलं. भाऊ मध्ये पडायला निघाला, तसा मी त्याच्या पायावर पाय दिला.